बांधाखालचा कान

सरकारी अनुदान जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा वृषाली काळबांडे संत्र्याच्या झाडावर चढून वाळलेल्या फांद्या छाटत होती. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि काहीतरी घोटाळा झालाय असं समजून मोबाइल कमरेला खोचला. अनुदान आजवर तिच्या नवऱ्याच्या, नाहीतर भासऱ्यांच्या खात्यात जायचं. जमीन त्या दोघा भावांच्या सामाईक नावावर होती. तिचं नाव त्या जमिनीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

पण घोटाळा नव्हता. धामनखेडमधल्या बऱ्याच बायकांच्या मोबाइलवर त्या दिवशी तोच संदेश आला होता.

याचं मूळ बांधाखाली पुरलेल्या तारेत होतं. आदल्या वर्षी उन्हाळ्यात यंत्रं आली, त्यांनी प्रत्येक वावराच्या बांधाच्या कडेनं अरुंद चर पाडला आणि त्यात काळ्या रंगाची केबल टाकून तो बुजवला. कृषी सहायक तनुजा गेडाम गावात सगळ्यांना समजावून सांगायला आली होती. तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, कधी खुर्चीवर न बसणारी मुलगी. तिनं केबल सोलून आतला काचेचा तंतू सगळ्यांच्या हातात दिला होता, केसासारखा बारीक.

"यातून सारखा प्रकाश सोडतात," ती म्हणाली होती. "काच कितीही स्वच्छ असली तरी थोडा प्रकाश आतल्या आत परत फिरतो. आता तुम्ही बांधापासून लांब, वावराच्या मधोमध जरी पाय टाकला तरी माती हलते. आपल्याला नाही कळत, पण या तंतूला कळतं. तो किंचित ताणला जातो, आणि परत येणारा प्रकाश बदलतो. कुठं बदलला त्यावरून जागा कळते. कसा बदलला त्यावरून कोण चाललं ते कळतं."

"कोण ते कसं कळन वो मॅडम?" कुणीतरी विचारलं होतं.

"तुमच्या घरात मागून कुणी चालत आलं तर न बघता ओळखता ना? टाच आधी की पंजा, वजन कुठल्या पायावर, दोन पावलांत किती वेळ. हे सगळं माणसागणिक वेगळं असतं. यंत्र तेच ओळखतं. दोन पायांचं माणूस, चार पायांचं जनावर, त्यातही गाय कुठली, रोही कुठला, रानडुक्कर कुठलं, सगळं. डुक्कर शिरलं की तुमच्या मोबाइलवर भोंगा वाजेल."

डुकराच्या भोंग्यावर गाव खूश झालं होतं. बाकीचं, अगदी घरातल्या प्रत्येकाला चालवून त्याचं पाऊल नावानिशी नोंदवलं तेसुद्धा, कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. सरकारचं म्हणणं सरळ होतं. अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला जातं आणि ते नाव पुण्यात नाहीतर नागपुरात फ्लॅटमध्ये बसलेलं असतं. यापुढे ज्याचे पाय वावरात, अनुदान त्याला. सलग तीन हंगाम एकच पाऊल आढळलं, तर सातबाऱ्यावर कसणारा म्हणून त्याचं नाव चढणार. पुरुषांनी माना डोलावल्या. आपल्या वावरात आपणच चालतो, याबद्दल त्यांच्यापैकी कुणाला शंका नव्हती.

तारेला मात्र वेगळंच ऐकू आलं होतं.

त्या संध्याकाळी मंगेश, वृषालीचा नवरा, हसला. तो संत्र्याच्या पेट्या भरून नागपूरला गाडी न्यायचा. वावरात आला तरी बांधावर उभं राहून फोनवर व्यापाऱ्यांशी बोलायचा. "म्हणजे सरकारच्या लेखी मालकीण तू, आन् मी डायवर," तो म्हणाला. वृषालीही हसली. तिनं त्याच्या आवडीचं पिठलं केलं. पैसे कसे काढायचे, ठिबकच्या नळ्या बदलायच्या का, यावर दोघं बराच वेळ बोलत बसले. इतकं बोलणं त्यांच्यात वर्षभरात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवानंद आले. मंगेशचे थोरले भाऊ, वृषालीचे भासरे. बाजार समितीत वजन असलेला माणूस, आवाज कधी न चढवणारा. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही जुनी रीत ते अजून पाळत. ती स्वयंपाकघरात असली की ते ओसरीतून मंगेशशी बोलायचे आणि ते तिच्यासाठी असायचं.

"मंगेश, सोलरवाल्यांचा करार मार्चमध्ये होते," ते म्हणाले. "आपली सगळी बाग त्यांना तीस वर्षाच्या भाड्यानं. घरबसल्या पैसा. पण वावर कोरं पायजे म्हणते कंपनी. कसणाऱ्याचं तिसरंच नाव असलं का ते हातच लावत नाई."

मंगेशनं त्यांच्यापुढे पानाचा डबा सरकवला.

"दोन हंगाम झाले. हा तिसरा. समजून घे म्हणा घरात."

आत वृषालीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बाग लावली तेव्हा ती नवी नवरी होती. कलमं खांद्यावरून वाहून तिनं खड्ड्यात बसवली होती, आणि सासरे असेपर्यंत त्यांच्या हाताखाली ती आळं करायला, डिंक्या रोग ओळखायला, बहार धरायला शिकली होती. बाग जाणार ही गोष्ट तिला ओसरीवरून कळत होती.

दरम्यान जमीनमालकांनी मुंबईपर्यंत ओरड केली. आमच्या वावरात कोण फिरतं हे सरकारला कळतं, आम्हाला का नको? मागणी वावगी वाटली नाही. सरकारनं सातबाऱ्यावरच्या प्रत्येक खातेदाराला मोबाइलवर नकाशा दिला. त्यात आपलं वावर दिसायचं आणि त्यात चालणारं प्रत्येक पाऊल ठिपका होऊन सरकायचं. घरच्यांच्या ठिपक्याजवळ नाव, जनावराजवळ छोटं चित्र. कसणाऱ्याला मात्र नकाशा नव्हता. तो फक्त मालकाला.

मंगेशला सुरुवातीला त्याची गंमत वाटली. "तू झाडाखाली बसली का ठिपका विरून जाते," तो जेवताना सांगायचा. "उठली का पुन्हा येते." मग प्रश्न सुरू झाले. दुपारी विहिरीकडं दोनदा काऊन गेली? ज्योत्स्नाच्या बांधावर इतका वेळ काय बोलत होत्या तुमी? प्रश्नात राग नसायचा. पण वृषाली वावरात वाकली, उठली, आडोशाला गेली, तरी आता कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं तिला वाटू लागलं. आणि नकाशा एकट्या मंगेशकडे नव्हता. सामाईक जमीन, म्हणून तो देवानंदकडेही होता.

ज्योत्स्ना शेजारच्या वावरातली. दिवाळीनंतर ती तीन-चार दिवस बांधावर दिसली नाही, तेव्हा वृषालीनं चौकशी केली. तालुक्याच्या दवाखान्यात आहे असं कळलं. खड्डे खणायची लोखंडी सब्बल हातातून सुटली आणि घोट्यावर पडली म्हणे.

वृषाली डबा घेऊन गेली. ज्योत्स्नाचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. शेजारच्या खाटेवर खानापूरची बाई होती, तिचाही पाय बांधलेला. पलीकडे एक म्हातारी, तिचा घोटा. दारापाशी एक अगदी कोवळी पोरगी, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. तिच्या दोन्ही पायांना पट्ट्या होत्या आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"सगळ्याच वावरात पडल्या का?" वृषालीनं हळूच विचारलं.

ज्योत्स्ना छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सब्बल मी उचललीच नव्हती."

वृषालीला आधी उलगडा झाला नाही. मग झाला. हाड मोडलं की चाल बदलते. चाल बदलली की तार ओळखत नाही. दोन हंगामांची नोंद तिथंच तुटते, आणि वावर कोरं होतं.

"डॉक्टर म्हणे हाड जुळन, पण लंगडशील," ज्योत्स्ना म्हणाली. "घरवाल्यानं आधी हाक मारली. इतक्या मायेनं मारली वो, का मी पाठ फिरवून कामच करत रायली."

परतताना दवाखान्याच्या फाटकात तनुजा भेटली. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या स्क्रीनवर रोज अनोळखी पावलं वाढतायत," ती म्हणाली. "आधी वाटलं यंत्र बिघडलं. वर कळवलंय. मालकांचे नकाशे बंद करा म्हणून लिहिलंय. उत्तर नाही. तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना, ताई?"

"ठीक हाये," वृषाली म्हणाली. तोंडातून तेच निघालं.

रात्री तिनं मंगेशला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्यानं ओसरीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "दादा असा माणूस नोहे."

"तुमी त्याईले सांगा. माह्या अंगाले हात लागला तं मी गप्प बसणार नाई."

"सांगतो नं."

"खरंच सांगा."

"सांगतो म्हटलं नं, वृषाली. पण तूबी थोडे दिवस वावरात जाऊ नको. कशाले वाढवतं?"

ती चार दिवस गेली नाही. ते चार दिवस घरात तिला अन्न गोड लागलं नाही. मृग बहाराची फळं फुगायला आली होती, पाण्याची एक पाळी चुकली असती तर फळगळ झाली असती. पाण्याचा कॉक फिरवायला मंगेश गेला, तो उलटा फिरवून आला. पाचव्या दिवशी पहाट होऊन गेल्यावर ती उठली, आणि कुणाशी न बोलता निघाली. मंगेश जागा होता. पांघरुणातून त्यानं पाहिलं, पण अडवलं नाही.

त्या सकाळी धुकं होतं. नदीकाठच्या त्या पट्ट्यात डिसेंबरात पडतं तसलं, हातभर पुढचं झाड न दिसणारं. पानांवरून पाणी टपटपत होतं. वृषाली ओळखीच्या वाटेनं बागेत शिरली, कॉक बरोबर केला, नळीतून पाणी सुटल्याचा आवाज ऐकला. मग ओळींमधून चालत आत गेली. झाडांच्या काळ्या सावल्या एकेक करून पुढ्यात येत आणि मागे जात. भीती वाटत होती, पण फळांच्या ओझ्यानं वाकलेल्या फांद्या हाताला लागल्या तसं थोडं बरं वाटलं.

तेवढ्यात लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला.

ती थांबली. आवाजही थांबला. मग फाटकाच्या बाजूनं कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं ती वर्षानुवर्षं ओसरीवरून ऐकत आली होती.

"वृषाली," देवानंदांनी हाक मारली.

लग्नानंतर आजवर त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, चिडही नव्हती. लेकीला जेवायला बोलवावं तसा तो आवाज होता.

"अवो वृषाली, कुठं हायेस? थोडं बोलायचं होतं. ये नं इकडं."

ती नकळत मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं. आणि तिकडची पावलं लगेच तिच्या दिशेला वळली. नीट, न अडखळता. धुक्यात त्यांना ती दिसत नव्हती, पण दिसायची गरजच नव्हती. त्यांच्या हातातल्या उजेडात तिच्या नावाचा ठिपका सरकत होता.

झाडाखाली बसलं की ठिपका विरतो.

ती होती तिथं थिजली. एक पाय अर्धवट टेकलेला, टाच वर, हात फांदीला. श्वाससुद्धा तिनं तोंडानं, हळूहळू घेतला. पावलं जवळ आली. झाडाच्या पलीकडच्या ओळीत थांबली. धुक्यात फिकट निळसर डाग दिसला, मोबाइलचा. त्याच्या उजेडात सब्बलीचं टोक चकाकलं. देवानंद स्वतःशीच पुटपुटले, "इथंच तं होती."

वृषालीला आपला मोबाइल आठवला. मंगेश घरी जागा होता. नकाशा त्याच्याकडेही होता. त्याला दोन ठिपके जवळ येताना दिसले असतील, तो आत्ता घाबरून फोन करेल, आणि घंटा वाजेल. तिनं बोटं इंचाइंचानं कमरेकडे नेली आणि मोबाइलचं बटण दाबून धरलं, तो बंद होईपर्यंत.

देवानंद हलले नाहीत. त्यांना घाई नव्हती. ती किती वेळ उभी राहणार? पोटरीत गोळा येऊ लागला होता. रस्ता फाटकाच्या बाजूला होता, आणि फाटक त्यांच्या पाठीमागे. पळाली असती तर चौथ्या पावलाला त्यांना दिशा कळली असती. ओरडली असती तर ऐकायला कुणी नव्हतं, ज्योत्स्नाचं वावर रिकामं होतं.

दोन पायांचं माणूस. चार पायांचं जनावर.

तिनं फांदी सोडली आणि अगदी सावकाश खाली वाकली. तळहात चिखलात टेकले, मग गुडघे. साडीचा सोगा दातात धरला. आणि ती रांगू लागली. तिला डुकराची चाल माहीत होती. बागेत शिरलेली डुकरं तिनं कितीदा पाहिली होती. थोडं धावायचं, थबकायचं, माती उकरायची, पुन्हा धावायचं. तिनं तसंच केलं. थबकताना बोटांनी माती उकरली. छाटलेल्या फांद्यांचे काटे तळहातात, गुडघ्यात घुसले. तिनं सोगा आणखी घट्ट चावला.

धुक्यात एकदम कर्कश भोंगा वाजला. देवानंदांच्या हातातला मोबाइल ओरडत होता.

"मायबीन," ते म्हणाले. आवाजातला गोडवा कुठच्या कुठं गेला होता. मागच्या वर्षी याच शिवारात डुकरानं एका माणसाची मांडी फाडली होती, तो दवाखान्यात पोचलाच नाही. देवानंद त्याला खांदा द्यायला होते.

वृषालीला तेव्हा जे सुचलं त्याची तिलाच नंतर भीती वाटली. ती वळली आणि सरळ त्यांच्या दिशेनं रांगत निघाली. भोंग्याचा सूर चढत गेला. जनावर जवळ आलं की तो चढतो. देवानंद मागे सरले, अडखळले, सब्बल दगडावर खणकली. मग पळायचा आवाज, आणि विहिरीच्या कठड्यावर कुणी धडपडत चढल्याचा. "हाड! हाड!" ते तिथून ओरडू लागले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा कापत होता.

ती कठड्याच्या इतक्या जवळून गेली की त्यांच्या धोतराला चिखल लागलेला तिला दिसला. त्यांनी खाली पाहिलं असतं तर तीही दिसली असती. पण ते मोबाइलकडे पाहत होते. मोबाइलवर डुक्कर होतं.

बांध, तार, आणि मग डांबरी रस्ता. रस्त्यावर आल्यावरसुद्धा तिला उठायचं भान राहिलं नाही. दूध नेणारी गाडी करकचून ब्रेक मारून थांबली, तेव्हा ड्रायव्हरला आधी वाटलं काहीतरी जनावरच आहे.

पोलिस ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. ठाणेदार अरेरावी करणारे नव्हते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. देवानंदांना बोलावलं. देवानंदांनी नम्रपणे आपला मोबाइल पुढे केला. पहाटे डुकरं शिरतात म्हणून सब्बल घेऊन राखायला गेलो होतो, ते म्हणाले.

ठाणेदारांनी नोंद पाहिली. "बाई, तुमचं पाऊल इथं सुरुवातीला आहे," ते म्हणाले. "मग नाही. त्यानंतर वावरात एक माणूस आणि एक डुक्कर. डुक्कर माणसाच्या अंगावर गेलंय. उलट हेच वाचले म्हणायचे."

"ते डुक्कर मी होती, साहेब."

खोलीत कुणी हसलं नाही. पण कुणी काही लिहिलंही नाही.

"हे काटे?" तिनं हात पुढे केले.

"संत्र्याच्या बागेत काम करता ना तुम्ही?" ठाणेदार म्हणाले.

ठाण्याच्या पायरीवर बसून तिनं मोबाइल सुरू केला. मंगेशचे किती फोन येऊन गेले असतील, तो किती घाबरला असेल, असं तिच्या मनात होतं. बंद असताना येऊन गेलेल्या फोनचा एकही संदेश आला नाही.

घरी तो ओसरीवर बसला होता. तिचे गुडघे पाहून उठला.

"तुमी पाह्यत होते?" तिनं विचारलं.

"वृषाली, आधी पाय धुऊन…"

"नकाशा पाह्यत होते का नाई?"

त्यानं मान खाली घातली. "दादा जाताना दिसला. मग तुझा ठिपका विरला. मले वाटलं तू… मले वाटलं झालं आता."

"काय झालं?"

त्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"काय झालं असं वाटलं तुमाले? सांगा नं."

"फोन हातातच होता," मंगेश म्हणाला. "पण लावून काय बोलू ते समजेना."

वृषाली आत गेली. तिनं दोन साड्या आणि छाटणीची कात्री पिशवीत घातली. ती बाहेर पडली तेव्हाही तो तसाच उभा होता. ती ज्योत्स्नाकडे राहायला गेली. ज्योत्स्ना दवाखान्यातून माहेरच्या रिकाम्या घरी आली होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिला पाणी भरून द्यायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या हंगामाची पडताळणी फेब्रुवारीत झाली. शाळेच्या मैदानात मातीची पट्टी अंथरली होती, तिच्याखाली तार. एकेकानं पट्टीवरून चालायचं, यंत्रानं जुन्या नोंदीशी पाऊल जुळवायचं. वृषालीचा हक्काचा दिवस. घरी बसवलेले ते चार दिवस सोडले तर धुक्याच्या त्या सकाळपर्यंत तिची नोंद अखंड होती, तिसऱ्या हंगामाला लागणारे दिवस तोवर भरले होते, आणि तेवढा खंड नियमाला चालत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे पाय तपासून दिले होते. जखमा भरल्या होत्या, हाडाला, शिरेला कुठं धक्का नव्हता.

पहिल्या रांगेत खुर्चीवर देवानंद बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, हात मांडीवर. तिच्याकडे ते पाहतही नव्हते.

ती पट्टीवर चढली आणि चालली. टोकाला दिवा लाल झाला.

"पुन्हा चाला, ताई," तनुजा म्हणाली.

ती पुन्हा चालली. पाठीवर कुणाची तरी नजर रुतल्यासारखी वाटत होती. लाल. तिसऱ्यांदाही लाल. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली: ओळख जुळत नाही. अनोळखी व्यक्ती.

लोकांत कुजबुज झाली. देवानंद उठले, शेजारच्याला हात जोडले आणि शांतपणे निघून गेले.

तनुजानं तिला शाळेच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक दीड वर्षापूर्वीची, सारख्या अंतरानं उठणारी, भरीव. दुसरी आत्ताची, तुटक, कुठं लांब, कुठं आखूड. "तुम्ही टाच टेकवतच नाही आहात," तनुजा हलक्या आवाजात म्हणाली. "सगळं वजन पंज्यावर. दर दोन-तीन पावलांनंतर शरीर किंचित मागे वळतं. पळायच्या तयारीतलं माणूस असं चालतं. पाय दुखतोय का कुठं?"

"पायात काई नाई," वृषाली म्हणाली. तिला आत्ता पहिल्यांदा जाणवलं की त्या सकाळपासून ती घरातसुद्धा अशीच चालत होती. देवानंदांची सब्बल तिला लागली नव्हती. लागायची गरज पडली नव्हती.

त्या सकाळची मूळ नोंद तनुजानं नागपूरहून तपासून मागवली होती, तिचंही उत्तर आलं होतं. चौपायी, प्रजाती अनिश्चित. एवढंच. पण मोडलेल्या घोट्यांबद्दलची तिची टिपणं शेवटी कुणीतरी वर वाचली होती. मालकांचे नकाशे आठवड्याभरात बंद होणार होते. आणि ज्यांची ओळख पुसली त्यांना नव्यानं नोंदवता येणार होतं.

"नव्यानं म्हणजे?"

"पहिल्यापासून. तीन हंगाम."

"आन् तोवर करार?"

"वावरात कुणीतरी कसतंय अशी नोंद येत राहिली तर कंपनी पुढे येणार नाही. पाऊल अनोळखी असलं तरी. पण पाऊल पडत राहायला हवं. दर हंगामाला." तनुजा थांबली. "मी सांगणार नाही तुम्हाला जा म्हणून."

वृषाली पडद्यावरच्या दुसऱ्या, तुटक रेघेकडे पाहत राहिली. "हीच लिहा," ती म्हणाली. "आता अशीच चालतो मी."

मंगेश त्यानंतर दोनदा ज्योत्स्नाच्या दाराशी आला. पहिल्या खेपेला वृषाली बाहेर आली नाही. दुसऱ्या खेपेला ती आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादाले भेटता का अजून?" त्यानं रस्त्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली. देवानंदांवर कसली केस झाली नाही. ते गावात भेटत, बाजूला होऊन वाट देत.

मार्चच्या एका सकाळी दोघी बागेत गेल्या. आदल्या दिवशी तनुजानं नकाशे बंद झाल्याचं कळवलं होतं, पण ते खरंच बंद झाले की कुणाच्या तरी मोबाइलवर अजून चालू आहेत, हे कळायला काही मार्ग नव्हता. ज्योत्स्ना काठी टेकत बांधावर बसली. उन्हाचा चटका जाणवायला लागला होता, पार पलीकडच्या बांधापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. कुणीही नव्हतं.

वृषाली फाटकातून आत गेली. चार पावलं चालली आणि थांबली. मागे पाहिलं. पुन्हा चालली. ज्योत्स्ना तिकडून म्हणाली, "मी हाये वो इथं."

पलीकडच्या ओळीत पाचोळा वाजला. वृषालीचे गुडघे आपोआप वाकले, हात जमिनीकडे गेले. बोटांना माती लागली तेव्हा ती भानावर आली. पाचोळा पुन्हा वाजला, मग तिथून एक साळुंकी उडाली.

ती सरळ उभी राहिली. तिनं उजवा पाय उचलला, पुढे टाकला आणि दात आवळून टाच खाली दाबली, पूर्ण टेकेपर्यंत. मग डावा.